डाव्या हाताची स्लाइड

काचेवरचा रंग खोटं बोलू शकतो. माझी सगळी नोकरी ही एक गोष्ट लक्षात ठेवण्यात गेली.

नाशिकच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात, शरीररचनाशास्त्र विभागात मी टेक्निशियन होतो. नातेवाइकांच्या लेखी टेक्निशियन म्हणजे रक्त-लघवी तपासणारा. लग्नकार्यात मला कोपऱ्यात गाठून लोक शुगरचे रिपोर्ट दाखवायचे आणि मी ते गंभीर चेहऱ्याने वाचायचो, कारण नाही म्हटलं तर ‘गांगुर्डे माजला’ असं होई. माझं काम वेगळं होतं. शरीरातला एखादा तुकडा फॉर्मालिनमध्ये मुरवायचा, त्यातलं पाणी काढायचं, मेणात बसवून ठोकळा करायचा आणि त्या ठोकळ्याचे पापुद्रे काढायचे. कांद्याची साल त्यांच्यापुढे गोणपाट वाटावी इतके पातळ. पापुद्रा कोमट पाण्यावर सोडायचा, काचेवर अलगद उचलायचा आणि रंगवायचा. विद्यार्थी मायक्रोस्कोपखाली पाहतात ती स्लाइड म्हणजे हीच.

यात फसवणुकीला जागा फार. पापुद्र्याला सुरकुती पडली तर तिथे रंग दुप्पट चढतो आणि आजार असल्यासारखं वाटतं. सुरीच्या धारेला दात पडला असेल तर सरळ रेघा उमटतात. फॉर्मालिन जुनं असेल तर काळे कण दिसतात. एकदा एक पदव्युत्तर विद्यार्थी जिना धावत चढून आला.

“सर, नवी पेशी सापडलीय. कुठल्याच पुस्तकात नाही.”

मी पाहिलं. “पेशी खरी आहे,” मी म्हणालो, “पण तुमच्या डोक्यातली आहे.”

“म्हणजे मी कल्पना करतोय?”

“नाही. कोंडा आहे. रंगवताना वाकला असाल.”

तो आज मोठा डॉक्टर आहे आणि भेटला की अजून ओळख दाखवत नाही.

अशा फसगती टाळण्यासाठी आमच्याकडे एक शिस्त असते. खऱ्या स्लाइडबरोबर तिची एक जोडस्लाइड करायची. त्याच ठोकळ्यातली, त्याच हाताने, त्याच वेळी. फक्त जे द्रव्य नेमकी पेशी ओळखून तिला चिकटतं, तेवढं तिच्यात घालायचं नाही. ती कोरी राहिली तर ठीक. तीही रंगली, तर पहिलीवर विश्वास ठेवायचा नाही. अशी जोडी लावून पाहायची सवय लागली की माणूस घरातही तसाच वागतो. भाजीवाल्याने ताजी म्हटलेली मेथी मी आजही उलटीपालटी करून पाहतो.

पण आज लिहायचं आहे ते एका खास स्लाइडबद्दल, आणि त्यासाठी मज्जारज्जूबद्दल थोडं सांगावं लागेल.

पाठीच्या कण्यातून करंगळीएवढी जाड दोरी जाते, तोच मज्जारज्जू. तो आडवा कापला की मधे करड्या रंगाचं फुलपाखरू दिसतं. पुढचे पंख हालचालीचे हुकूम देतात. मागचे पंख, ज्यांना आम्ही मागची शिंगं म्हणतो, ते बातमी घेतात. हाताला चटका बसला, मुंगी चावली, कापड लागलं, सगळ्याची पहिली नोंद तिथे होते आणि मग ती मेंदूकडे जाते. या शिंगांत चेतापेशी असतात आणि त्यांच्याभोवती ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशी असतात. नीट रंगल्या तर चांदणीसारख्या दिसतात, चहूकडे हात पसरलेल्या. आम्ही शिकलो तेव्हा त्यांना काही किंमत नव्हती. चेतापेशींमधली जागा भरून काढणारा डिंक, असं शिकवलं जाई. सगळ्या सारख्याच, असंही.

तसं नाही, हे पुढे कळत गेलं. फुलपाखराच्या बाहेरच्या पांढऱ्या भागातल्या ॲस्ट्रोसाइट लांब, सरळ हातांच्या असतात आणि करड्या भागातल्या झुडपासारख्या दाट. आणि करड्या भागातही मागच्या शिंगाच्या अगदी वरच्या थरातल्यांचा स्वभाव खालच्यांपेक्षा वेगळा. उंदरांवरच्या कामातून असं दिसू लागलंय की या वरच्या थरातल्या काही पेशी बिथरल्या तर साध्या स्पर्शाची बातमी दुखण्याची म्हणून पुढे जाऊ शकते. रुमाल लागला तरी निखारा लागल्यासारखा. माणसात हे कितपत तसंच घडतं, याबद्दल जाणकार अजून जपून बोलतात. तेच बरं.

माझ्या बायकोला, वत्सलाला, जाऊन वर्ष होत आलं. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. आमची मुलगी सुजाता अजून बालवाडीत असताना वत्सला नाशिकच्या द्वारका चौकात स्कूटरवरून पडली आणि डावा हात मोडला. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, एक्सरे स्वच्छ आला. दुखणं मात्र त्यानंतर सुरू झालं. बाहीचं कापड डाव्या हाताला लागलं की ती दात आवळायची. पंख्याचा वारा नको, पावडर नको. त्या हातात बांगडी घालणं बंद झालं. एका हातात बांगड्या आणि दुसरा मोकळा, हे पाहून वसाहतीतल्या बायका मला नीट न्याहाळू लागल्या. नवरा मारतो का काय, असा त्यांचा समज झाला असावा.

डॉक्टर एक्सरे उजेडासमोर धरून म्हणायचे, “बाई, यात तर काहीच नाही.” शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, “उजव्या हाताने खडू धरता ना? मग रजा कशाला?” विंचूरच्या कांदाबाजारातले माझे मेहुणे, वत्सलाचे धाकटे भाऊ, त्यांनी तर तिच्या तोंडावरच सांगितलं.

“एक्सरा साफ हाय ना, ताई? मग ते मनातनं काढून टाक. आमच्याकडं हमाल पाठीवरनं गोण्या वाहत्यात, त्यांचं काय दुखत नाय का?”

“दुखत असेल,” वत्सला म्हणाली. “विचारलंस कधी?”

पुढे तिने कुणाला सांगणंच सोडून दिलं. उन्हाळा-हिवाळा डावी बाही कापलेला ब्लाउज आणि हाताला न लागणारा सैल पदर, एवढ्यात तिने नोकरी पुरी केली. देहदानाचा अर्ज तिने निवृत्तीनंतर भरला. आमच्याच कॉलेजात, मी सेवेत नसताना. “तुमच्या लोकांनी जिवंतपणी काही शोधलं नाही,” ती म्हणाली होती, “आता निवांत शोधा.” हे ती हसत बोलली होती. मी हसलो नव्हतो.

हृदयविकाराने ती गेली. भन्तेजींनी वंदना घेतली, गाडी आली, नेलं. मेहुणे फाटकाशी उभे होते.

“दाजी, तुमच्याच कालेजात नेलं. तुमचं काय काम व्हतं का त्यात?”

मी आत वळलो. सुजाता मात्र थांबली. तिला मामाचा प्रश्न लागला होता, पण वेगळ्या जागी: त्या हातात खरंच काही होतं का, इथे.

सुजाता अंबडला एका कारखान्यात गुणवत्ता तपासनीस आहे. यंत्रावरून उतरलेला सुटा भाग गेजला, म्हणजे ठरल्या मापाच्या साच्याला, लावून पाहायचा, बसला तर पास, नाही तर परत. लोखंडाच्या बाबतीत ती कुणाचं ऐकत नाही. तिला एक मुलगी आहे, आता शाळेत जाऊ लागलीय. शोकाचे दिवस सरल्यावर एका दुपारी सुजाता माझ्याकडे आली, चहा केला, आणि कप पुढ्यात ठेवून म्हणाली,

“पप्पा, आईचं खरंच दुखायचं का?”

“हे आत्ता काय काढलंस?”

“मला आठवतं तेव्हापासून तिने मला कुशीत घेतलं नाही. मी धावत गेले की हात आडवा करायची. ‘लांबून बोल.’ तुम्ही म्हणायचात, तिचा हात दुखतो. मी मानलं. पण आता माझी पोरगी अंगावर येते तेव्हा मला वाटतं, हात तुटला असता तरी मी हिला घेतलं असतं. मग तिने का नाही घेतलं?”

“दुखायचं, सुजाता.”

“तुम्ही तर तसंच म्हणणार. तुम्ही तिचे वकील.” ती चिडलेली नव्हती. पट्टीने मोजून बोलावं तसं बोलत होती. “पुरावा असेल तर दाखवा. नसेल तर मी समजेन की मी तिला नको होते. तेही चालेल. पण मधे लटकत ठेवू नका.”

ती गेल्यावर कप तसाच राहिला.

माझ्या जागी आता निकम आहे. माणूस कामाचा, पण मनाने हळवा. विभागप्रमुख कुलथे मॅडम यांचा एक अभ्यास चालू होता. देहदानातून आलेल्या मज्जारज्जूंच्या वेगवेगळ्या उंचीवरचे काप घ्यायचे आणि मागच्या शिंगातल्या ॲस्ट्रोसाइट वरच्या थरात कशा, खालच्या थरात कशा, ते रंगवून पाहायचं. कॉलेजच्या नीतिसमितीची रीतसर परवानगी होती. माझे डोळे या रंगाला सरावलेले म्हणून मॅडम मला स्लाइड वाचायला अधूनमधून बोलावत. मी त्यांना विचारलं, वत्सलाचा मज्जारज्जू या अभ्यासात येऊ शकेल का. सुजाताची आणि माझी लेखी संमती मी बरोबरच नेली होती.

मॅडमनी चष्मा काढला. “येऊ शकेल. पण गांगुर्डे, तुम्ही जे शोधताय ते स्लाइडमध्ये असतंच असं नाही.”

“माहीत आहे.”

“माहीत असूनही शोधणार?”

“मॅडम, तीस वर्षं पगार त्याचाच घेतला.”

मला खरी भीती निराळीच होती. मला त्या दोघांचा संशय होता. निकम वत्सलाच्या हातची पुरणपोळी खाल्लेला माणूस. त्याने माझ्या समाधानासाठी तिच्या स्लाइडला रंग जरा जास्त वेळ दिला तर? मॅडम सहानुभूतीने ‘हो, थोडं दिसतंय’ म्हणाल्या तर? आणि सगळ्यात मोठा संशय माझ्या डोळ्यांचा. ज्याला चांदण्या हव्यात त्याला त्या दिसतातच. म्हणून मी अट घातली. हाताच्या बातम्या मानेच्या ज्या भागात पोहोचतात, तिथलेच काप घ्यायचे, वत्सलाचे आणि बाकीच्या देहदात्यांचे. सगळे एका वेळी, एकाच भांड्यात रंगवायचे. काप घेताना उजव्या बाजूला पुढे बारीक खाच मारायची, म्हणजे डावं-उजवं चुकणार नाही. आणि लेबलांवर कागदी पट्टी चिकटवून स्लाइड मिसळून मला द्यायच्या.

“सर, इतका अविश्वास?” निकम म्हणाला.

“तुझ्यावर नाही. पुरणपोळीवर.”

तो हसला आणि मग डोळे पुसायला बाहेर गेला. म्हणजे माझा संशय अगदीच चुकीचा नव्हता.

वाचायला बसलो त्या दिवशी मी आधी जोडस्लाइड पाहिल्या. सगळ्या कोऱ्या. मग खऱ्या घेतल्या. तपकिरी रंगात चांदण्या उमटलेल्या, निळसर पार्श्वभूमीवर. प्रत्येकीत मी डावं शिंग उजव्याशी ताडून पाहत होतो, कारण माणसाचं दुसरं अंग हीच त्याची उत्तम जोडस्लाइड. पहिल्या काहींत दोन्ही बाजू सारख्या. मग एक आली आणि माझा हात मायक्रोस्कोपच्या चाकावरच थांबला. उजवं शिंग साधं. डाव्या शिंगाच्या वरच्या थरात मात्र पेशी फुगलेल्या, हात जाड, एकमेकींत गुंतलेल्या. मी सुरकुती आहे का पाहिलं. नव्हती. कडेला सुकलेला भाग आहे का पाहिलं. नव्हता. तिची जोडस्लाइड पुन्हा काढली. स्वच्छ कोरी.

मी ती स्लाइड बाजूला ठेवली. मनातल्या मनात म्हणालो, सापडलीस. इतक्या वर्षांत प्रथमच मला काचेचा संशय आला नाही. निकमला म्हटलं, “ही. पट्टी काढ.”

त्याने पट्टी काढली. लेबलचा नंबर वहीशी दोनदा ताडला.

“सर, ही वहिनींची नाही.”

“नीट बघ.”

“नाही सर. हे पुरुष आहेत.”

मॅडम जवळच होत्या. त्यांनी नंबर पाहिला. नाव त्या सांगू शकत नव्हत्या, मी विचारलंही नसतं. “यांचा मुलगा देह द्यायला आला होता, तो आठवतो,” त्या म्हणाल्या. “अभिमानाने सांगत होता, बाबांनी आयुष्यात कधी अंग दुखतंय म्हणून सांगितलं नाही. एक गोळी घेतली नाही.”

वत्सलाची स्लाइड मी आधीच वाचून बाजूला सारलेल्यांत निघाली. डावं-उजवं सारखं. साधी, नीटनेटकी, काही सांगत नसलेली स्लाइड.

त्या संध्याकाळी घरी जाताना एक विचार आला, तो लिहून टाकतो, कारण अशा लेखात तो गाळला तर बाकीचंही खोटं ठरेल. सुजाताला त्या गृहस्थांची स्लाइड दाखवायची. ‘ही बघ आईची.’ तिला डावं-उजवं दाखवलं असतं, तिने पाहिलं असतं, प्रश्न मिटला असता. कुणाचं काही बिघडलं नसतं. सिग्नल सुटेपर्यंत हा विचार मला फार चांगला वाटला. मग मला सुजाता गेज हातात धरून उभी दिसली. ती पट्टी काढायला लावणारच होती. मी तरी दुसरं काय शिकवलं होतं तिला?

पुढच्या रविवारी मी तिला विभागात बोलावलं. निकम आला होता, मॅडम आल्या होत्या. सुजाताने पर्स बाजूला ठेवली, केस मागे बांधले आणि स्टुलावर बसली.

“ही आईची,” मी म्हणालो. “खाच दिसते ती उजवी बाजू. तिच्या समोरची डावी. मागचं शिंग बघ, वरचा थर.”

तिने बघितलं. चाक कसं फिरवायचं ते तिला सांगावं लागलं नाही.

“दोन्ही सारखेच आहेत.”

“हो.”

“म्हणजे काही नव्हतं.”

मी तिला लेबलांवरच्या पट्ट्यांचं सगळं सांगितलं. मी कुठली स्लाइड आईची म्हणून निवडली होती, तेही सांगितलं. मॅडमनी डोळ्यांनी संमती दिली, तेव्हा तीही तिच्यापुढे ठेवली. सुजाताने चाक फिरवून आधी उजवं, मग डावं शिंग पाहिलं.

“हे कोण?”

“नाव आम्हाला कळत नाही. घरचे म्हणतात, यांचं कधी काही दुखलं नाही.”

“आणि हे असं?”

“हे असं.”

“मग घरचे खोटं बोलतात का?”

“तसं नाही म्हणता येत. वयाने होतं, जुन्या मारानेही होतं. किंवा गृहस्थ बोलले नसतील. पेशी जाड दिसल्या म्हणून दुखत होतं, असं हा रंग सांगू शकत नाही.”

ती एकदम सरळ बसली. “मग पेशी साध्या दिसल्या म्हणून दुखत नव्हतं, असं तरी कसं सांगेल?”

“नाहीच सांगू शकत. हा रंग फक्त पेशीच्या आतल्या सांगाड्याला लागतो. करड्या भागातल्या झुडपासारख्या कितीतरी पेशींत तो सांगाडा इतका थोडा असतो की त्या या रंगात जवळपास दिसतच नाहीत. ज्या दिसतात त्यांतही शांत कोण आणि बिथरलेली कोण, ते कळेलच असं नाही.”

“हे तुम्हाला आधीच माहीत होतं?”

“होतं.”

“तरी मला बोलावलं.”

“तू पुरावा मागितलास. माझ्याकडे एवढाच होता.”

निकमने चहा आणला होता, तो कुणी घेतला नाही. सुजाता आईच्या स्लाइडकडे पुन्हा वळली. काचेत बघत बघतच तिने विचारलं,

“उजवा हात तर चांगला होता ना तिचा? त्या हाताने तरी जवळ घेता आलं असतं.”

“तो डाव्याच्या राखणीला असायचा.”

“म्हणजे?”

“तू आठव. कोणीही जवळ आलं की ती उजवा हात डाव्याच्या पुढे आणायची. बसमध्ये, शाळेत, वंदनेला बसली तरी. तू धावत आलीस की तोच हात आडवा यायचा. तो तुझ्यासाठी नव्हता. डाव्याला कुणी लागू नये म्हणून होता. मी शेजारी झोपायचो, मलाही तोच लागायचा.”

तिचा उजवा हात तिच्याही नकळत उचलला गेला आणि डाव्या कोपरासमोर येऊन थांबला, जणू ती तो बसवून पाहत होती. मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं.

मग सुजाताची नजर माझ्या नोंदीवर गेली. प्रत्येक स्लाइडखाली वाचणाऱ्याने एक ओळ लिहायची असते. वत्सलाच्या नंबरापुढे मी लिहिलं होतं, ‘विशेष काही आढळले नाही.’

“हे असं नका लिहू.”

“नियमाने हेच लिहितात.”

“आमच्याकडे असा रिपोर्ट परत येतो,” ती म्हणाली. तिचा कारखान्यातला आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. “कुठल्या गेजने तपासलं ते आधी लिहायचं. मग, त्या गेजला काय दिसलं नाही, ते. नुसतं ‘दोष नाही’ लिहायला आम्हाला परवानगी नाही.”

मी मॅडमकडे पाहिलं. “बरोबर आहे तिचं,” त्या म्हणाल्या, “आपणही असंच लिहायला हवं.”

मी ओळ खोडली. रंगाचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, ‘या रंगात डाव्या-उजव्यात फरक दिसला नाही.’ सुजाताने ते वाचलं आणि मान हलवली.

“उद्या दुसरा रंग निघाला तर?”

“ठोकळा असतो ना. मेणातला तुकडा वर्षानुवर्षं टिकतो. पुन्हा पापुद्रा काढता येतो.”

“टाकत नाहीत?”

“जागा कमी पडली की टाकतात कधीकधी,” निकम म्हणाला. “पण हा नाही टाकणार, ताई. माझ्यावर सोडा.”

निकमवर माझा विश्वास आहे. तरी त्याने तो ठोकळा कपाटात ठेवून कुलूप लावेपर्यंत मी तिथे उभा राहिलो. सुजाताही राहिली.